"आता राज्य कोणावर?"



आमच्या बालवर्गाला भेट देणाऱ्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. कोणी तो थेट विचारतात, कोणी चहा पिता पिता हळूच काढतात. "मुले छान रमलेली दिसतात, पण नुसती खेळतातच की! शिकतात कधी? आणि प्रभूविषयी त्यांना काही सांगता की नाही?" आपण प्रार्थनेने आणि देणगीने या कामाला हातभार लावता, तेव्हा असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. या अंकात मला जरा जास्त जागा मिळाली आहे, म्हणून एका मुलीच्या निमित्ताने सविस्तर उत्तर देते. तिचे आणि तिच्या पाड्याचे नाव देत नाही. लहान मुलांची नावे आम्ही छापत नाही, हे जुन्या वाचकांना माहीत आहे.

पाडा नवापूर तालुक्यातला. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेप्रमाणे दर 100 माणसांमागे सुमारे 69 आदिवासी आहेत, आणि नवापूर तर अगदी गुजरातला टेकलेले. इथले रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. आमच्या मुलांच्या कानांचेही तसेच आहे. घरात मावची, शाळेत मराठी, बाजारात गुजराती. बालवर्ग सकाळी 9 ते 12 या वेळेत प्रार्थनामंदिराच्या ओसरीत भरतो. गावात सरकारी अंगणवाडी आहे, तिथला आहार मुलांना मिळतो, आणि आमच्या वेळा तिच्या आड येत नाहीत. ओसरीत मी असते आणि माझ्याबरोबर त्याच पाड्यावरची एक सेविका असते. तिचा उल्लेख पुढे येईल, कारण निम्मे काम तिच्या जिभेवर चालते.

गेल्या जूनमध्ये ही मुलगी आली तेव्हा पाच वर्षांची होती. आली म्हणण्यापेक्षा ओसरीच्या पायरीशी उभी राहिली म्हणणे बरोबर. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. आई-वडील पहाटेच भाताच्या कामाला गेलेले. पाच वर्षांच्या मुलीने भावाला सांभाळणे, दोन-तीन शेळ्यांवर नजर ठेवणे, चुलीजवळ कोंबड्या येऊ न देणे ही आमच्याकडे काही नवलाची गोष्ट नाही. शहरातल्या वाचकांना याचे वाईट वाटेल, पण घर चालते ते अशा हातांवर. प्रश्न एवढाच असतो की त्या हातांना दुसरे काही करायला सवड मिळते का. तिला ती मिळत नव्हती. भाऊ खाली ठेवला की रडे, म्हणून ती त्याला खाली ठेवीच ना. मुले फेर धरीत, ती बघत राही. दहा-बारा दिवस ती एक शब्द बोलली नाही.

सेविकेने एक दिवस ओसरीच्या तुळईला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि भावाला तीत घातले. तो झोपला. मुलगी रिकाम्या कडेने थोडा वेळ तशीच उभी राहिली, एका बाजूला किंचित वाकलेली. मग खाली बसून तिने अंगणातले खडे गोळा करायला सुरुवात केली.

खडे हा तिचा पहिला खेळ. पाच खडे, एक वर उडवायचा आणि तो खाली येईतो दुसरा उचलायचा. सागरगोट्यांचाच प्रकार. पाच वर्षांच्या बोटांना हे जमत नाही. वरचा खडा बहुधा डोक्यावर पडतो. पण ती रोज बसे. तिच्या तोंडून आम्ही ऐकलेले पहिले शब्द म्हणजे खडे मोजताना मावचीत म्हटलेले आकडे. मी लगेच मराठी आकडे शिकवायला धावले नाही. मोजणे तिला येत होते. त्याच मोजण्याला मराठीत काय म्हणतात, हे पुढे श्रावणात तिने आपणहून विचारले.

इथे थोडे थांबून खेळाविषयी सांगते, कारण "नुसती खेळतात" या शब्दांत "नुसती" हाच शब्द मला खटकतो.

लहान मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे, हा विचार ज्याने शाळेच्या रूपाने मांडला तो फ्रेडरिक फ्रोबेल हा जर्मनीतल्या एका पाळकाचा मुलगा. 1837 साली त्याने ब्लांकेनबर्ग येथे लहानांसाठी काम सुरू केले आणि पुढे त्याला "किंडरगार्टन", म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायच्या वस्तूंना तो "देणग्या" म्हणे, आणि पहिली देणगी होती लोकरीचे रंगीत चेंडू. आपल्या पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, तेव्हा व्याख्याने आणि निधी यांच्या धामधुमीतही त्यांनी फिलाडेल्फियात ही किंडरगार्टन पद्धत शिकून घेतली. शारदा सदन निघाले ते त्यानंतर, 1889 मध्ये. एवढ्या विदुषीला चेंडू आणि ठोकळे शिकावेसे वाटले, यावरून काय ते समजावे.

आदिवासी मुलांच्या बाबतीत मात्र आमचे खरे गुरू म्हणजे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये ते रुजवले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. "अंगणवाडी" ही कल्पना तिथली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. साधने कोणती, तर बिया, पाने, खडे, शिंपले. आमच्या ओसरीतल्या टोपल्यांत आज चिंचोके, साबणाच्या झाडाच्या रिठ्याच्या बिया, मक्याची बुरकुंडे आणि नदीतले गोटे आहेत, ते याच शिकवणीमुळे. काही दाते शहरातून बॅटरीवर चालणारी खेळणी पाठवतात. त्यांचा भाव मी जाणते, पण खरे सांगायचे तर अशी गाडी दोन दिवस धावते आणि तिसऱ्या दिवशी मुले तिची चाके काढून त्यांचा खेळ करतात. चाकांचा खेळ मात्र महिनाभर टिकतो!

खेळ वयाप्रमाणे बदलतो. दोन-अडीच वर्षांची मुले एकमेकांच्या शेजारी बसून आपापले खेळतात. तीन-चार वर्षांची लुटुपुटीचा स्वयंपाक मांडतात, काठीचा घोडा करतात. नियमांचा खेळ पाचाच्या सुमारास खुणावू लागतो, पण जमायला आणखी दोन-तीन वर्षे जातात. स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास करून 1932 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना असे दिसले की लहान मुले एकत्र खेळतात, पण प्रत्येकाचा डाव निराळा चालतो आणि शेवटी सगळेच जिंकलेले असतात. गंमत म्हणजे हीच मुले म्हणत की नियम मोठ्या माणसांनी, अगदी देवानेसुद्धा, घालून दिले आहेत आणि ते बदलता येत नाहीत. ओसरीत बसणाऱ्या कोणालाही हे पटेल.

आपल्या मराठी मुलांनी या अडचणीवर फार पूर्वीच तोडगा काढला आहे. लहान भावंडाला डावात घ्यायचे, पळू द्यायचे, लपू द्यायचे, पण ते पकडले गेले तरी बाद धरायचे नाही. त्याला "कच्चा लिंबू" म्हणायचे. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जाणारी मोठी मुले सुट्टीच्या दिवशी आमच्या अंगणात लपाछपी खेळत, आणि जुलैअखेर त्यांनी आमच्या या मुलीला कच्चा लिंबू म्हणून घेतले. ती भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, सगळ्यांच्या समोर "लपायची". आपल्याला कोणी दिसत नाही म्हणजे आपणही कोणाला दिसत नाही, असा तिचा हिशेब. मोठी मुले तिच्या बाजूने मुद्दाम दोनदा जात आणि "कुठे गेली बरे?" म्हणत. तेव्हा तिच्या पाठीवरूनसुद्धा कळे की ती हसते आहे.

ऑगस्टमध्ये तिने कच्चा लिंबू होणे नाकारले. तिला राज्य हवे होते.

हा शब्द ध्यानात ठेवा. आपण सगळेच लहानपणी म्हणत आलो: ज्याने इतरांना शोधायचे किंवा पकडायचे त्याच्यावर राज्य. "राज्य कोणावर?" असे ओरडून डाव सुरू होतो. मोठ्या मुलांना राज्य नकोसे असते, कारण त्यात धावाधाव फार. हिला ते हवेसे वाटले. झाडाला तोंड लावून मराठी आकडे 10 पर्यंत म्हणायचे आणि मग एकेकाला हुडकून काढायचे. तिने एकदा सगळ्यांना शोधले, एक मुलगा सोडून. तो कंटाळून घरी जेवायला गेला होता. डाव मोडला, मुले पांगली, ही तरी तुरीच्या कडेने हिंडतच राहिली. भाऊ झोळीत उठून रडू लागला तेव्हा परतली, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाला पाहिल्याबरोबर पळत जाऊन तिने त्याच्या पाठीवर थाप मारली. तिच्या लेखी डाव तेव्हा संपला.

याच आठवड्यात मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट घेतली.

बालवर्गात आम्ही गोष्ट कशी सांगतो, तेही सांगितले पाहिजे. आधी मी साध्या मराठीत सांगते, पाच मिनिटांहून जास्त नाही. मग सेविका तीच गोष्ट मावचीत सांगते, आणि तिची गोष्ट माझ्याहून नेहमीच लांब व चांगली असते, कारण तीत ओढा कुठला, वाट कुठली, हे सगळे आमच्या गावचे येते. नंतर मुले ती खेळतात. खेळल्याशिवाय गोष्ट पुरी झाली असे आम्ही मानत नाही. पाठांतर शेवटी, आणि तेही जमेल त्याला. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, ती साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. आमच्या सेविकेचे मावचीतले सांगणे मी त्याच कामात धरते.

मेंढरे आमच्या मुलांना चित्रात दाखवावी लागत नाहीत. पावसाळा सरला की ठेलारी धनगरांचे कळप खानदेशातून हिंडतात, शेतात बसतात. शंभर मेंढरे म्हणजे किती, हे मुलांना अंदाजाने माहीत आहे. तेव्हा गोष्ट सांगताना मी मेंढपाळ निघाला, खाचखळग्यांतून शोधत गेला, असे म्हटले, आणि ही मुलगी मध्येच उठून मराठीत बोलली. वर्गात मोठ्याने मराठीत बोललेले तिचे हे पहिले वाक्य: "राज्य त्याच्यावर!"

मुले हसली. मी हसले नाही. लूकच्या 15 व्या अध्यायावर मी अनेक प्रवचने ऐकली आहेत. शोधणे हे मेंढपाळाचे काम, मेंढराचे नव्हे, एवढे सांगायला कित्येकदा अर्धा तास लागलेला आहे.

पण ती तिथे थांबली नाही. सेविकेने मावचीत गोष्ट सांगितल्यावर तिने विचारले, "मग बाकीच्यांना कोणी राखले?" हा प्रश्न शेळ्या राखणाऱ्या मुलीचा आहे. एक शेळी चुकली म्हणून उरलेल्या सोडून गेले तर संध्याकाळी घरी काय होते, हे तिला ठाऊक आहे. शुभवर्तमानात नव्याण्णव मेंढरे रानात सोडल्याचे लिहिले आहे. त्यांच्यापाशी कोण थांबले ते लिहिलेले नाही. मी तेच उत्तर दिले. ते तिला पुरले नाही. मग मुलांनी गोष्ट खेळली तेव्हा तिने मेंढपाळ होऊन आधी दोन मुलांना "तुम्ही राखा" म्हणून बसवले आणि मगच शोधायला निघाली. मोठ्यांपैकी कोणाला यात शुभवर्तमानाशी छेडछाड वाटत असेल, तर त्यांनी एकदा शेळ्या घेऊन डोंगरात जाऊन यावे.

आता राज्य हा शब्द तिच्या कानात बसला. प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याच्या राज्याच्या येण्याविषयी मागतो. आम्ही रोज सकाळी ती प्रार्थना म्हणतो, आणि मुले सूर धरून म्हणतात. अर्थ पुढे कळेल म्हणून आम्ही घाई करत नाही. सप्टेंबरात एके सकाळी तिने सेविकेला विचारले की देवावर राज्य केव्हा येणार, आणि तो आला की आपण कुठे लपायचे. सेविका घोटाळली व माझ्याकडे बघू लागली. मी म्हटले, "तू कुठे लपशील?" ती म्हणाली, "मी नाही लपणार फार."

मोठ्यांच्या धर्मशास्त्रात याला काय म्हणतात, ते पाळकसाहेबांना विचारावे. मी मुलीची समजूत दुरुस्त केली नाही. राजा, सिंहासन, मुकुट हे तिने पाहिलेले नाही. शोधायला येणारा तिला माहीत आहे. मोठी होईल तेव्हा दुसरा अर्थ तिला कळेल, आणि पहिला त्याच्याशी भांडणार नाही.

याउलट काही भाषा या वयाला खरोखर अडते. "येशू तुझ्या अंतःकरणात राहतो" असे पाच वर्षांच्या मुलाला सांगितले की तो छाती दाबून बघतो. आमच्याकडच्या एका मुलाने विचारले होते, "मग तो जेवतो काय?" या वयाला शब्द जसा ऐकला तसाच दिसतो. म्हणून आम्ही माणसे, प्राणी, वाटा, पाणी, भाकरी असलेल्या गोष्टी निवडतो. जक्कयाची गोष्ट तर आमच्या अंगणातच घडते. मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढतो. पलिष्टाईनमधले ते झाड आपल्या उंबराच्याच जातकुळीचे. त्यालाही फळे खोडाला लगडतात. गावची मोठी मुले उंबरावर सूरपारंबी खेळतात: खालच्याने काठी राखायची, वरच्यांनी फांद्यांवरून त्याला चुकवायचे. जक्कयाला खाली बोलावले, हे ऐकून मुलांनी ताबडतोब विचारले की तो बाद झाला का. "नाही," मी म्हटले, "त्याच्या घरी जेवायला गेले." यावर त्यांनी बराच वेळ विचार केला.

काही गोष्टी आम्ही मागे ठेवतो. अब्राहाम आणि इसहाक यांची गोष्ट मी बालवर्गात सांगत नाही. या वयाच्या मुलाला त्यात बाप आणि सुरी एवढेच दिसते. हेरोदाने मारलेली बालके नाताळात येतात, पण इथे ती गाळतो. वधस्तंभाची गोष्ट सांगतो, थोडक्यात, आणि एक नियम कटाक्षाने पाळतो: प्रभूचे मरण सांगून मुलांना घरी पाठवायचे नाही. त्याच बैठकीत पुनरुत्थान सांगायचे. उद्याचा वर्ग उद्या भरेलच असे आमच्याकडे कोण म्हणू शकेल? पाऊस आहे, ताप आहे, स्थलांतर आहे.

आता अवघड भागाकडे येते. या मुलीचे घर मंडळीतले नाही. तिची आजी देवमोगऱ्याला याहामोगी मातेच्या यात्रेला जाते, आणि भिल्ल समाजात याहामोगी ही धान्य देणारी माता आहे. मूल वर्गात घेण्यापूर्वी आम्ही घरी जाऊन सांगतो की येथे खेळ, गाणी, बोली आणि मराठी यांबरोबर बायबलातल्या गोष्टीही सांगितल्या जातात. चालत नसेल तर गोष्टीच्या वेळी मूल बाहेर सेविकेबरोबर खेळू शकते. आजीने सांगितले, "गोष्ट ऐकू दे. मी पण सांगते." आणि तिने खरेच सांगितल्या. योसेफाने दुष्काळासाठी कोठारे भरली, ही गोष्ट मी सांगितली त्या दिवशी मुलीने आजीची दुष्काळातल्या धान्याची गोष्ट सर्वांना सांगितली, हातांनी कणगीचा आकार दाखवत. तिला मी थांबवले नाही. ज्या मुलीने जूनमध्ये तोंड उघडले नव्हते ती ऑक्टोबरमध्ये उभी राहून अख्खी गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐकल्याबद्दल किंवा वचन पाठ केल्याबद्दल आम्ही खाऊ देत नाही. खाऊ सगळ्यांना मिळतो, नाहीतर कोणालाच नाही. भुकेल्या मुलाला वचनाच्या बदल्यात बिस्कीट दिले तर ते कशाच्या मागे आले, हे त्यालाही कळणार नाही आणि आपल्यालाही.

सप्टेंबरात एक पाहुणे आले होते, भले गृहस्थ. त्यांनी तिला जवळ बोलावून 23 व्या स्तोत्रातले पहिले वचन म्हणायला सांगितले. ती गप्प. दोनदा विचारले, ती सेविकेच्या मागे गेली. त्यांच्या वहीत काय लिहिले गेले ते मला दिसले. निघताना मी त्यांना सांगितले की जरा थांबा, ती भावाला झोका देताना ऐका. ती झोळीशी मावचीत पुटपुटत होती. मेंढरू, काटे, आणि खांद्यावर घेऊन घरी आणणारा माणूस. त्यांना मावची कळत नव्हती, म्हणून सेविकेने अर्थ सांगितला. मुलांना खेळताना प्रभूनेही पाहिले होते: बाजारात बसून पावा वाजवणारी, लुटुपुटीचा शोक करणारी मुले मत्तयाच्या 11 व्या अध्यायात आहेत. त्या मुलांची त्याने परीक्षा घेतल्याचे कुठे लिहिलेले नाही.

दिवाळीनंतर ती गेली. दरवर्षी या सुमारास दक्षिण गुजरातेतल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीसाठी आमच्या भागातून कुटुंबेच्या कुटुंबे निघतात. बारडोलीकडे, सुरतेकडे. जोडप्याने मिळून कोयता घ्यायचा, उचल आधीच घेतलेली असते, आणि ती फिटेपर्यंत पडावावर राहायचे. आजी म्हणाली, मुलीला मी ठेवून घेते. आईचे उत्तर सरळ होते: मुलीला ठेवले तर तिकडे लहानग्याला कोण बघणार? त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते. जाताना मुलीने पाच खडे फडक्यात बांधून नेले. पुस्तक देऊ का म्हणून विचारले तर नको म्हणाली, पावसात भिजते.

होळीला सगळे चार-पाच दिवस घरी येतात. होळी चुकवून चालत नाही. तेव्हा मी तिला भेटले. पडावावर निरनिराळ्या गावांची मुले होती, तिने लपाछपी मांडली होती. लपायला उसाची जागा चांगली, पण आईने मना केले म्हणून पाचटाच्या ढिगांमागे लपत. भाऊ आता चालतो. तो कच्चा लिंबू आहे, हे तिने मला गंभीरपणे सांगितले. आईने आणखी एक सांगितले. रात्री खोपीत मुलगी भावाला गोष्ट सांगते, आणि हल्ली शेजारच्या खोपीतली पोरेही येऊन बसतात. कोणती गोष्ट? "मेंढराची. आणि आजीची पण." नव्याण्णव मेंढरांना राखायला तिने आता कुत्रा ठेवला आहे.

जूनमध्ये ती सहा वर्षांची झालेली असेल, म्हणजे तिची जागा जिल्हा परिषद शाळेच्या पहिल्या इयत्तेत. तिला मराठी आकडे येतात, रांगेत उभे राहता येते, हरले तरी पुढचा डाव खेळता येतो, आणि उभे राहून गोष्ट सांगता येते. पहिलीत जायला एवढे पुष्कळ आहे. पण शाळेत तिला भावाला कडेवर घेऊन बसता येणार नाही. तो अडीच वर्षांचा होईल, आणि आमचा वर्ग आजवर तीन वर्षांपुढच्या मुलांचा आहे. म्हणून समितीपुढे आम्ही विनंती ठेवली आहे की येत्या वर्षापासून दीड वर्षापासूनची भावंडे ओसरीत घ्यावीत. त्यासाठी आणखी एक सेविका लागेल, दोन झोळ्या, एक पाण्याचे पिंप आणि दुपारच्या खिचडीचा थोडा जास्त शिधा. समितीची बैठक मे महिन्यात आहे. तिची आई तेव्हा पडावावरून परतलेली असेल. होळीला मी तिला हे सारे सांगितले, तर ती "बघू" म्हणाली, आणि मग भावाचे वय किती लिहायचे ते विचारले. पटावर त्याचे नाव मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.